नाटुकली म्हणू नका

रात्रीचे साडेबारा वाजलेत. सकाळी सातची शाळा आहे. झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. लांबणार आहे, ज्यांना वेळ असेल त्यांनी वाचा.

आज बीडला तीन एकांकिका बघून आले. तिन्ही लिहिणारी पोरं पंचविशीच्या आतबाहेरची, आपल्याच जिल्ह्यातली. तिकीट नाही, काही नाही, नुसतं यायचं होतं. सहाची वेळ दिली होती. सव्वासातला दीपप्रज्वलन झालं, मग नटराजपूजन, मग सत्कार. शाल, श्रीफळ, फोटो, पुन्हा शाल. पन्नास मिनिटं चाललं हे, मी घड्याळात बघत होते. आज ज्या एकांकिकेबद्दल मला बोलायचंय ती अडतीस मिनिटांची होती.

त्यानंतर प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले. म्हणाले, "अशा छोट्या छोट्या नाटुकल्यांमधूनच उद्याचे कलावंत घडतात. एक दिवस ही मुलं खरं नाटक करतील, अशी मला खात्री आहे." टाळ्या पडल्या. आणि पडदा उघडायच्या आत साहेब निघाले. त्यांच्याबरोबर पुढच्या दोन रांगाही उठल्या. पडद्यामागं मेकअप करून उभी असलेली लेकरं हे सगळं ऐकत होती.

खरं नाटक. तेव्हापासून हा शब्द डोक्यात घण घालतोय.

मला एक प्रसंग सांगायचाय. माझ्या जवळच्या काहींनी आधी ऐकला असेल, पुन्हा ऐका.

१९९६ साल. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात आमच्या कॉलेजची एकांकिका होती. एकांकिकेला अर्धा तास, त्यावर घंटा. आमच्याच वर्गातल्या एका मुलानं ती मेसमध्ये बसून दोन रात्रींत लिहिली होती. गावात टँकर येणार म्हणून बाया रात्रभर रांगेत बसल्यात, एवढीच गोष्ट. टँकर येत नाही. मी रांगेतली पाचवी बाई, मला तीन वाक्यं.

माझे आप्पा टँकरवर ड्रायव्हर होते. उन्हाळाभर टंचाईच्या फेऱ्या, पावसाळ्यात मिळेल ते काम. त्या दिवशी ते मला गावाकडं न्यायला राजदूत मोटारसायकल घेऊन आले होते. आयुष्यात नाटक बघितलेलं नाही. खुर्चीत बसायलाही तयार नव्हते, दाराला टेकून उभे राहिले. अर्धा तास तसेच.

परत जाताना केजपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं चिडले, पोरगी स्टेजवर उभी राहिली म्हणून. केजला चहाला थांबलो. बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "त्या म्हातारीची घागर शेवटपर्यंत पालथीच व्हती गं."

मी त्या एकांकिकेत होते. पंचवीस तालमी केल्या होत्या. घागर पालथी आहे हे मला त्या क्षणापर्यंत दिसलं नव्हतं. लिहिणाऱ्यानं ती मुद्दाम पालथी ठेवली होती. म्हातारी रात्रभर रांगेत बसते, पण टँकर येणार नाही हे तिला पहिल्या मिनिटापासून ठाऊक असतं, म्हणून ती घागर उलटी करून तिच्यावर हात टेकून बसते. याबद्दल एक वाक्य नव्हतं संहितेत. परीक्षकांनाही दिसलं नसावं, आम्हाला बक्षीस मिळालं नाही. दिसलं ते दारात उभ्या असलेल्या टँकरच्या ड्रायव्हरला.

आता सांगा, हे खोटं नाटक होतं का?

तीन अंकी नाटकात लेखकाला सवड असते. माणसं ओळखीची करून देता येतात, मध्यंतर असतं, वडा खाऊन परत येता येतं. एकांकिकेत पडदा उघडला की माणूस त्याच्या सगळ्या आयुष्यासकट उभा पाहिजे. त्याची गरिबी, त्याची बायको, त्याचं कर्ज, सगळं तो दारातून आत कसा येतो त्यात दिसलं पाहिजे. एक वस्तू, एक रात्र, एक जागा. एवढ्यात जे बसतं ते तेवढ्यातच बसतं. ताणून दोन तासांचं केलं तर ते पातळ होतं, मोठं होत नाही. आपल्या पैठणच्या नाथांचं भारूड किती मिनिटांचं असतं? चारशे वर्षं झाली, अजून गावोगाव उभं राहतंय. त्याला कुणी म्हणालं का, छान आहे, आता खरं काहीतरी लिहा म्हणून? जात्यावरची ओवी दोन-अडीच ओळींची. ती कशाची पहिली पायरी आहे?

कुणी म्हणेल, बाई, पण एकांकिकांमधूनच मोठी माणसं घडली की. घडली. औरंगाबादेतून 'जिगीषा' या नाट्यसंस्थेची मंडळी मुंबईला गेली, चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी. जालन्याकडच्या जांब समर्थचे राजकुमार तांगडे शेती करता करता लिहितात, त्यांचं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' २०१२ पासून जालन्याच्या पोरांनी मुंबई-पुण्यापर्यंत गाजवलं. आपल्याला अभिमान आहेच.

पण बघा, मीसुद्धा तेच करतेय. मोठ्या झालेल्यांची नावं घेतेय, म्हणजे लहानाला मान मिळेल. नको. नांदेडच्या दत्ता भगतांची 'आवर्त' एकांकिकाच आहे. ती पुढं कशात वाढली नाही. तेवढीच आहे आणि पूर्ण आहे. मला तसं बघायचंय आजच्या पोरांकडं.

हो, मान्य, स्पर्धेतल्या पुष्कळ एकांकिका एका साच्यातून काढल्यासारख्या असतात. शेवटी किंचाळणं, लाल लाईट, धडामकन म्युझिक. पुण्यात १९६३ पासून कॉलेजांच्या एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक चालतो, २०२२ ला परीक्षकांनी तो कुणालाच दिला नाही, हेही मला ठाऊक आहे. पण तिथं त्यावर भांडणं झाली. लोक चिडले, बाजूनं बोलले, विरोधात बोलले. भांडायला आधी एकांकिका बघावी लागते. आपण बघायलाच थांबत नाही. आपण सत्कार होईपर्यंत थांबतो.

बरं, आता आजच्या तिसऱ्या एकांकिकेचं सांगते. राग थोडा बाजूला ठेवते, कारण ती रागात सांगायची गोष्ट नाही.

पडदा उघडतो तेव्हा काळोख आहे आणि एक बाई आकडे मोजतेय. हळूहळू उजेड येतो. उसाचा फड, पहाटेचे तीन. नवरा-बायको तोडलेल्या उसाच्या मोळ्या ट्रकमध्ये भरतायत. ट्रक दिसत नाही, विंगेत आहे. आपल्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात हे तुम्हाला सांगायला नको. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेताना दोन माणसांचा मिळून एक कोयता. ही बाई मोळ्या मोजते आणि आकड्यांच्या मधे मधे दोघं बोलतात. सव्वीस. उचल किती फिटली. सत्तावीस. कोपीवर (फडावरच्या झोपडीवर) नवा कागद टाकायला पाहिजे. अठ्ठावीस. गावाकडं आजीजवळ ठेवलेल्या लेकराचं नाव कुणीच घेत नाही. लेकरू आहे हे सुद्धा आपल्याला फार उशिरा कळतं, बाई पदराच्या गाठीतून कसलीशी छोटी वस्तू काढते आणि लगेच परत बांधते तेव्हा.

एक्केचाळीसला ती अडखळते. पुन्हा म्हणते, एक्केचाळीस.

नवरा थांबतो. डोक्यावर मोळी तशीच. तो तिला सांगत नाही की चुकलीस. दोघं नुसते उभे.

बस, एवढंच. रडणं नाही, म्युझिक नाही. आणि या शांततेत माझ्या मागं आयोजकांपैकी एकजण फोनवर जेवणाच्या ताटांचा हिशोब करत होता. "पन्नासच लावा, पाहुणे गेलेत." मी मागं वळून त्याला गप्प केलं. तो माझ्याकडं असं बघायला लागला की मीच कार्यक्रमात व्यत्यय आणलाय.

त्या शांततेत मला आप्पा दिसले. दाराला टेकलेले. त्यांनी काय बघितलं असतं? मला वाटतं, त्यांनी नवऱ्याची मान बघितली असती. ओझं डोक्यावर असताना माणूस थांबतो तेव्हा मान कशी ताठ होते, ते त्या पोरानं बरोबर धरलं होतं. आयुष्यभर ओझं वाहणारी माणसं बघितली होती आप्पांनी.

आप्पा जाऊन नऊ वर्षं झाली. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते टीव्हीवर बघताना मला म्हणाले होते, "ती घागरीवाली म्हातारी झालेली पोरगी काय करती आता?" वीस वर्षांनी. अर्ध्या तासाच्या नाटुकलीतली पोरगी.

आणि ज्यानं ती लिहिली तो? त्यानं पुन्हा काही लिहिलं नाही. कृषी सेवा केंद्र आहे त्याचं, बरं चाललंय. मध्यंतरी भेटला तेव्हा मी विचारलं, ती संहिता आहे का रे? म्हणाला, "कुठली?" मी घागरीचं सांगितलं तेव्हा आठवलं. एकच प्रत होती, हातानं लिहिलेली, महोत्सवानंतर कुठं गेली कुणास ठाऊक. मी त्याला आप्पांचं वाक्य सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "हे तवाच सांगायचं होतंस की गं."

मी का नाही सांगितलं तेव्हा? मला वाटलं, त्यात काय सांगायचं. कॉलेजची एकांकिका होती. म्हणजे मीही आजच्या त्या पाहुण्यांसारखीच होते. त्याला आम्ही कुणीच लेखक म्हटलं नाही. 'तो एकांकिका बसवतो' असं म्हणायचो.

म्हणून आज प्रयोग संपल्यावर घरी निघाले नाही. मागच्या बाजूला गेले. टेम्पोत नेपथ्याच्या लेव्हल चढवत होते. लिहिणारी पोरगी पायरीवर बसली होती, धारूरकडची आहे, चोवीस वर्षांची. मी तिला आधी एक्केचाळीसचं सांगितलं. ती म्हणाली, "कळलं का तुम्हाला ते? मला वाटलं कुणालाच कळलं नाही." मग मी पदराच्या गाठीचं विचारलं, मानेचं सांगितलं. अर्धा तास बोलत बसलो, टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला.

संहिता मागितली. एकच प्रत होती तिच्याकडं, प्रकाशयोजनेच्या खुणा केलेली. मी तिथंच पायरीवर मोबाइलच्या टॉर्चमध्ये एकेका पानाचा फोटो काढला, तिला विचारूनच. बावीस पानं आहेत. आता झूम करून वाचतेय. सतराव्या पानावर दुसरं एक्केचाळीस आहे आणि शेजारी तिनं निळ्या पेनानं नटीसाठी लिहिलंय, 'इथं घाई करू नको.'