दोन मावश्या

टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत पुरुष साड्या नेसून धिंगाणा घालतात, मराठी अभिरुची रसातळाला गेली, हा वाद महाराष्ट्रात अधूनमधून पेटतो. परवा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही पेटला. काकांनी लिहिलं, "तिकडे बघा, रंगभूमीला केवढी प्रतिष्ठा आहे." तिकडे म्हणजे इंग्लंडात. मी लीड्समध्ये बारा वर्षं राहते, म्हणून काकांना उत्तर देणं भाग आहे.

इथे डिसेंबर आला की गावोगावच्या नाट्यगृहांत पँटोमाइम लागतं. सगळे त्याला पँटो म्हणतात. परीकथा, गाणी, चावट कोट्या, आणि मधोमध 'डेम', म्हणजे भडक रंग फासलेला, अवाढव्य झग्यातला पुरुष. 'अल्लादीन'मधली विडो ट्वँकी ही त्यातली नावाजलेली. लोकांची धुणी धुऊन पोराला वाढवणारी विधवा. अनेक नाट्यगृहांचं वर्षाचं गणित पँटोच्या गल्ल्यावर जमतं. २००४ साली लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये ही विधवा रंगवली ती इयन मॅकेलन यांनी, शेक्सपिअरच्या भूमिका गाजवलेल्या नटाने. त्यामुळे त्यांच्या नावाला बट्टा लागला नाही.

आई इथे आली होती तेव्हा तिला पँटोला नेलं. इंग्रजी तिला जेमतेम कळतं. डेमने धुण्याचं पिंप पालथं केलं, कंबरेवर हात ठेवले, आणि एक शब्द न बोलता प्रेक्षकांकडे नुसती बघत राहिली. एक, दोन, तीन. अख्खं नाट्यगृह फुटलं. आईने माझं मनगट धरलं. "अगं, ही तर गवळणीतली मावशी!"

तमाशात गणानंतर गवळण येते. गौळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात, आणि गौळणींची म्होरकी मावशी त्यांच्याशी हुज्जत घालते. मावशी म्हणजे लुगड्यातला सोंगाड्या. आईने ती जत्रेत पाहिली होती, माळवदावर पालथं झोपून, चोरून. घरंदाज बायकांनी तमाशा बघायचा नव्हता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत तर सरकारनेच तमाशावर बंदी घातली होती, आणि पुढे संहिता तपासून घेण्याच्या अटीवर उठवली.

साडीतला पुरुष आपल्याला मुळात खुपत नाही. बालगंधर्वांचा शालू बघून घरोघरच्या बायका तसा शालू नेसू लागल्या, त्याला आपण सुवर्णकाळ म्हणतो. बालगंधर्वांचं पुरुषपण प्रेक्षक विसरत, ही त्यांची कला. मावशीचं पुरुषपण कुणी क्षणभरही विसरत नाही, आणि ही तिची कला. या दुसऱ्या कलेला आपल्याकडे मान नाही. गणपत पाटलांनी चित्रपटांत तमाशातला बायकी हावभावांचा नाच्या उभा केला. लोकांनी तो त्यांच्या खऱ्या आयुष्याला चिकटवला, आणि त्याचे चटके घरच्यांनाही बसले. अभिरुचीच्या नावाखाली एवढी क्रूरता कशी खपते, हे मला अजून समजलेलं नाही.

इथलं सगळंच मला पटतं असंही नाही. अशा ठरवून केलेल्या भडकपणाला इंग्रजीत 'कँप' म्हणतात. अमेरिकी लेखिका सुझन सोंटॅग यांनी १९६४ मध्ये त्यावर निबंध लिहिला, तेव्हापासून तो शहाण्यांच्या चर्चेत आहे. पण त्यातून 'इतकं वाईट की छान' म्हणायची एक सवयही पसरली. दादा कोंडक्यांचे चित्रपट आता काही शहरी तरुण तसे बघतात. पूर्वी नाक मुरडायचे, आता वरून हसतात. दोन्हींत दादांचा शब्द नेमका कुठे थांबतो आणि दुसरा अर्थ प्रेक्षकाच्या डोक्यात कसा फुटतो, याकडे लक्ष कुणाचं?

टीव्हीवरची ती प्रहसनं मलाही बहुतेकदा आवडत नाहीत. कारण साडी नव्हे. साडीच्या आत माणूसच नसतो. ट्वँकीला भाडं भरायचं असतं, मावशीला बाजार गाठायचा असतो. टीव्हीवरच्या बाईला काहीच करायचं नसतं, पदर सावरला की विनोद संपला. टीका करायची तर यावर करा, काका. 'थिल्लर' म्हटलं की लिहिणारा सुटतो, कलाकाराला त्यातून काही मिळत नाही.

चैत्रात गावच्या जत्रेला जाणार आहोत. तंबूत पुढच्या रांगेत बसू म्हटलं तर आई म्हणाली, "लोक काय म्हणतील?" मग जरा वेळाने तिचा पुन्हा फोन आला. मावशीचं काम कोण करतं, ते चौकशी करून ठेव म्हणाली.