न्यूग्रेंज ही वेधशाळा नव्हे

आयर्लंडमधील बॉइन नदीच्या खोऱ्यात इ.स.पू. 3200 च्या सुमारास उभारलेल्या न्यूग्रेंज या, आत बोळ व दालन असलेल्या दगडमातीच्या प्रचंड ढिगाऱ्याविषयी एक मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. त्याचे म्हणणे असे, की ही मुळात वेधशाळा होती. पेरणीचा दिवस अचूक कळावा म्हणून ती बांधली गेली. आतल्या अस्थी नंतर कोणीतरी आणून ठेवल्या. आणि दर्शनी पांढरी भिंत तेव्हापासून जशीच्या तशी उभी आहे.

भिंतीचा मुद्दा लगेच निकालात निघतो. पडलेली गारगोटी वेचून तिची आजची मांडणी 1970 च्या दशकात काँक्रीटच्या आधाराने करण्यात आली आणि ती मुळात अशीच होती का, यावर पुरातत्त्वज्ञांत आजही वाद आहे.

अस्थींचे म्हणाल तर आतल्या दालनात किमान पाच जणांचे, काही जळालेले आणि काही न जळालेले, अवशेष मिळाले असून त्यांतील एका पुरुषाच्या अस्थींचा काळ बांधकामाच्या काळाशी जुळतो.

पेरणीचा दावा अधिक तपासून पाहण्याजोगा आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. प्रवेशद्वाराच्या वर मुद्दाम ठेवलेल्या झरोक्यातून हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसाच्या पहाटे सूर्यकिरण 19 मीटर लांबीच्या बोळातून आतल्या दालनापर्यंत पोहोचतो आणि सुमारे 17 मिनिटे टिकतो. उत्खनन करणारे मायकेल ओ'केली यांनी 21 डिसेंबर 1967 रोजी तो पाहिला. मात्र या काळात सूर्योदयाचे स्थान क्षितिजावर जवळजवळ थबकलेले असल्यामुळे किरण त्याच्या आधीचे व नंतरचे काही दिवसही आत येतो, म्हणजे नेमकी तारीख त्यावरून ठरत नाही. शिवाय डिसेंबरअखेर हा तिथल्या पेरणीचा हंगामच नव्हे, आणि केवळ सूर्योदयाची जागा लक्षात ठेवायची, तर दोन खुंट्या पुरेशा होत्या. त्यासाठी 85 मीटर व्यासाचा ढिगारा कोण रचील?

वेधशाळेच्या कल्पनेला खरा अडथळा आहे तो प्रवेशद्वाराचा. ते मोठ्या शिळेने बंद केले जाई, पण झरोका वेगळा होता. जिवंत माणसाला आत वाट नसतानाही सूर्याला ती होती, आणि आत होते ते मृत. म्हणून मला हा प्रकाश मृतांसाठी आणलेला वाटतो. वर्षाच्या सर्वांत अंधाऱ्या टोकाला सूर्य परत फिरतो त्या क्षणी तो पूर्वजांनाही भेटावा, अशी जगाकडे पाहण्याची दृष्टी या रचनेतून दिसते; तिच्या तपशिलांविषयी अर्थातच कोणी छातीठोकपणे बोलू नये. काही शिळांवरील कोरीवकाम तर ढिगाऱ्याकडे वळलेल्या मागच्या बाजूंवर आहे, जिथे बांधकाम पुरे झाल्यावर ना माणसाची नजर पोहोचणार होती, ना सूर्याची.