कांदेनवमी आणि माझे दोन डोळे

आषाढ शुद्ध नवमीला आमच्या घरी कांदेनवमी असते. दोन दिवसांनी येणाऱ्या एकादशीपासून चातुर्मास सुरू होतो, त्या चार महिन्यांत आईच्या राज्यात कांद्या-लसणाला उंबरठ्याच्या आत प्रवेश नसतो, आणि म्हणून नवमीच्या दिवशी आम्ही पुढच्या चार महिन्यांची बेगमी एकाच दिवसात पोटात करून घेतो. सकाळी कांद्याची थालीपिठे, दुपारी भरले कांदे आणि झुणका, संध्याकाळी खेकडा भजी, आणि या सगळ्याबरोबर तोंडी लावायला पुन्हा कच्चा कांदाच. गेली ३२ वर्षे या उत्सवातील माझा सहभाग खाण्यापुरता होता. यंदा तो चिरण्यापर्यंत वाढला, आणि त्याला कारण झाला मोतीबिंदू.

मोतीबिंदू माझा नव्हे, सौभाग्यवतींचा. नवमीच्या आठ दिवस आधी त्यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी एक काळा चष्मा, डोळ्यांत घालायचे थेंब आणि एक लांबलचक मनाईपत्र दिले. खाली वाकायचे नाही, डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचे नाही, फोडणीजवळ उभे राहायचे नाही, कांदा चिरायचा नाही. यातील शेवटचे कलम डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून वाचले. आई ८३ वर्षांची आहे आणि तिचे गुडघे तिला आता विळीवर बसू देत नाहीत. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला. उरलो मी, सेवानिवृत्त, धडधाकट आणि दोन्ही डोळे शाबूत असलेला.

"तीन किलो पुरेत," आई म्हणाली. घरात माणसे तीन. पण मजल्यावरील प्रत्येक घरी भज्यांची ताटली गेलीच पाहिजे असा तिचा दंडक आहे.

येथे एक कबुली देणे भाग आहे. "एवढे काय त्यात रडण्यासारखे?" हे वाक्य स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून, हातात वर्तमानपत्र धरून, मी संसारात असंख्य वेळा उच्चारलेले आहे. नाकाने कांदे सोलण्याची मला जुनी सवय. हाताने सोलण्याचा प्रसंग मात्र प्रथमच आला होता.

सकाळी सात वाजता पहिला कांदा मी पोळपाटावर ठेवला. दिसायला तो अत्यंत सभ्य होता. आषाढात बाजारात मिळतो तो उन्हाळी कांदा, म्हणजे एप्रिल-मेच्या सुमारास शेतातून काढून कांदाचाळीत साठवून ठेवलेला. चाळीत महिने काढल्यावर कोणाचाही स्वभाव तिखट होणारच. मी त्याचा शेंडा उडवला, मधोमध दोन भाग केले, साल काढली आणि मनात म्हटले की यात खरोखरच काही नाही. दुसऱ्या क्षणी डाव्या डोळ्यात कोणीतरी बारीक सुई टोचल्यासारखे झाले, मग उजव्या डोळ्यात, मग नाकही त्यांच्या मदतीला धावले. मी अर्थातच मनगटाने डोळा पुसला. मनगटालाही कांद्याचा रस लागलेला असू शकतो हे ज्ञान मला त्याच वेळी, थेट डोळ्यावाटे, प्राप्त झाले.

"हात लावू नका डोळ्यांना," काळ्या चष्म्यातून सौभाग्यवती म्हणाल्या. त्या दारात नेमक्या माझ्याच जागी, चौकटीला टेकून, उभ्या होत्या. फक्त हातात वर्तमानपत्र नव्हते.

सरकारी कार्यालयात आयुष्य गेल्यामुळे कोणत्याही संकटात आधी त्याची फाइल वाचायची अशी माझी पद्धत आहे. थालीपिठांपुरते कांदे रडतरडत उरकून मी वाचायला बसलो. प्रकरण असे आहे की कांद्याच्या प्रत्येक पेशीत गंधकयुक्त संयुगे एका खोलीत आणि ॲलिनेझ नावाचे विकर (एन्झाइम) दुसऱ्या खोलीत राहते. मधली भिंत उभी आहे तोवर दोघांचे शेजारपण उत्तम चालते. सुरीने भिंत पडली की दोघे एकमेकांना भिडतात, त्यातून एक आम्ल तयार होते, आणि मग आणखी एक विकर पुढे होऊन त्या आम्लाचे अशा वायूत रूपांतर करते ज्याचे सिन-प्रोपेनथायल-एस-ऑक्साइड हे नाव उच्चारतानाच डोळ्यांत पाणी यावे. हा वायू बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यापर्यंत पोहोचला की तिथले मज्जातंतू मेंदूकडे तक्रार करतात, मेंदू अश्रुग्रंथींना हुकूम सोडतो, आणि त्या डोळा धुऊन काढायला लागतात. म्हणजे या रडण्यात दुःखाचा अंशही नाही; ती निव्वळ साफसफाई आहे. हे दुसरे विकर जपानी संशोधकांनी २००२ साली उघडकीस आणले, तोवर सगळा दोष एकट्या ॲलिनेझच्या माथी मारला जात होता. याच संशोधनाला २०१३ साली इग नोबेल हा आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या शोधांचा पुरस्कार मिळाला. त्यांनी पुढे न रडवणारा कांदाही तयार केला आहे, असे मी मोठ्या उत्साहाने घरात जाहीर केले.

"न रडवणारा म्हणजे तो बटाटाच की," आई म्हणाली.

अलिबागचा पांढरा कांदा आणला असता तर हा प्रसंग टळला असता, कारण तो मुळातच सौम्य आणि गोडसर असतो. पण उन्हाळ्यात आणलेली त्याची माळ केव्हाच संपली होती, आणि असती तरी "गोड कांद्याची भजी म्हणजे काय शिरा आहे?" असा आईचा प्रश्न मला आजही ऐकू येतो.

वायू डोळ्यांपर्यंत पोहोचू द्यायचा नाही एवढाच मुद्दा असेल तर उपाय उघड होता. पुण्यात हेल्मेटसक्तीविरोधात जे मोर्चे निघाले, त्यांपैकी एकात मी स्वतः तावातावाने घोषणा दिलेल्या आहेत. तोच मी त्या दिवशी स्वतःच्या ओट्यापुढे हेल्मेट डोक्यावर चढवून, काच हनुवटीपर्यंत ओढून उभा राहिलो. दोन कांदे निर्विघ्न पार पडले. तिसऱ्याला माझ्याच श्वासाने काचेवर धुके धरले आणि कांदा कुठे संपतो व बोट कुठे सुरू होते ते दिसेनासे झाले. चौथ्याला लक्षात आले की हेल्मेट खालून उघडे असते, वायू तिथून आत शिरतो, आणि एकदा शिरला की बाहेर जाण्याचे नाव घेत नाही. आता मी उघड्यावर नव्हे, तर बंद खोलीत रडत होतो. त्याच वेळी बेल वाजली. मी तसाच, हेल्मेटसह आणि सुरीसह, दार उघडले. समोरच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि अस्सल पुणेरी संयमाने एवढेच विचारले, "निघालात का कुठे?"

त्यानंतर मी टेबलपंख्याचा प्रयोग केला. तत्त्व म्हणून तो निर्दोष आहे: आपण आणि कांदा यांच्या मधून वारा वाहू द्यायचा, म्हणजे वायू परस्पर दुसरीकडे जातो. हे 'दुसरीकडे' नेमके कोठे आहे याचा मात्र आधी विचार करावा लागतो. आमच्या घरात ते दारात उभ्या असलेल्या शस्त्रक्रियावाल्या डोळ्यापाशी होते. सालीचे पापुद्रे गुलाबी फुलपाखरांसारखे दिवाणखान्यात पोहोचले, त्यांच्यामागोमाग वायू पोहोचला, आणि काळ्या चष्म्याआडून जो आवाज आला तो मी लग्नानंतर फारच थोड्या वेळा ऐकला आहे. पंखा बंद झाला आणि सौभाग्यवतींना आतल्या खोलीत, दार लावून, थेंब घालून, निजवण्यात आले.

मग पाणी. अर्धे कांदे पाण्याच्या पातेल्यात टाकून ठेवले की वायू पाण्यातच विरतो, हे खरे आहे. पण खेकडा भज्यांचा कांदा उभा पातळ चिरून, त्याला मीठ चोळून ठेवायचा असतो, आणि त्याला सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढेच बेसन घालायचे असते. आधीच न्हाऊन आलेल्या कांद्याची भजी कुरकुरीत होत नाहीत, हे आईने पलंगावरूनच जाहीर केले. मी पातेले तसेच ओट्यावर बाजूला सरकवले आणि कोरडा कांदा घेतला. तेवढ्यात फोन वाजला. साताऱ्याहून मेहुणी बोलत होती.

"भाऊजी, ताई कशी आहे?"

त्या क्षणी माझ्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि नाक पूर्ण चोंदले होते. मी म्हणालो, "बरी आहे… म्हणजे आत निजली आहे… आता काय सांगू तुला…" आणि कांद्याविषयी सांगणार, इतक्यात ओला फोन हातातून निसटला आणि पातेल्यात पडला. तो बाहेर काढला तेव्हा त्याने प्राण सोडला होता. सौभाग्यवतींचा फोन त्यांच्या विश्रांतीसाठी मीच बंद करून ठेवला होता.

दुपारी दोनच्या सुमारास मेहुणी, साडू, त्यांचा मुलगा आणि रडून डोळे सुजलेल्या सासूबाई दारात उभ्या राहिल्या. सौभाग्यवती काळा चष्मा लावून भरले कांदे खात बसल्या होत्या. पुढच्या पाच मिनिटांत मला जे ऐकून घ्यावे लागले ते येथे लिहीत नाही. ते संपल्यावर आईने मात्र आनंदाने हिशेब केला: माणसे चार वाढली, म्हणजे कांदे आणखी किलोभर लागणार.

साडू सोफ्यावर बसून मला मार्गदर्शन करू लागले. कांदे फ्रीजरमध्ये ठेवावेत, असे ते म्हणाले, आणि पूर्ण गोठलेला कांदा बाहेर काढल्यावर मऊ लिबलिबीत होतो हे त्यांना माहीत नव्हते. दातांत पावाचा तुकडा धरावा. शेजारी मेणबत्ती लावावी. मूळ शेवटी कापावे. मुलीने बंगळुरूहून आईच्या फोनवर व्हिडिओ कॉल करून सांगितले, "बाबा, मला तर काहीच होत नाही," आणि मग हळूच जोडले की ती कॉन्टॅक्ट लेन्स लावते, त्यामुळे बुबुळ झाकलेले असते. त्या दिवशी मला सल्ला देणाऱ्यांपैकी एकाच्याही बोटाला कांद्याचा वास नव्हता.

अपवाद आईचा. तिने दुपारी मला हाक मारून सुरी मागितली, अंगठ्यावरून अलगद फिरवून पाहिली आणि विचारले, "अरे, याने तू कांदा चिरतोस की चेचतोस?"

ती सुरी आमच्याकडे कित्येक वर्षे आहे. दुधाच्या पिशव्या, कुरिअरची खोकी, एकदा तर फ्यूजचा स्क्रू, असे सर्व काही तिने हाताळलेले होते. आणि दैवाची गंमत अशी की चारच्या सुमारास खाली रस्त्यावरून "धाऽऽर" अशी आरोळी आली. मी चपला न घालता जिना उतरलो. धारवाल्याने सायकल स्टँडवर लावली, पॅडल मारत सहाणेवर सुरी धरली, ठिणग्या उडाल्या. त्याने वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून सुरीने उभा फाडला आणि माझ्या लालबुंद डोळ्यांकडे पाहून पैसे न मागता आधी विचारले, "घरात सगळं ठीक ना साहेब?"

वर येऊन मी कांदा ठेवला आणि सुरी त्यातून, जोर न लावता, सरकली. कांदा करकरला नाही, दबला नाही, त्याचा रस उडाला नाही. एक कांदा झाला, दोन झाले, आणि डोळे कोरडे. मुलीने लगेच शोधून कळवले की २०२५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी हे वेगवान कॅमेऱ्याने टिपलेले आहे: बोथट पाते आधी कांदा दाबते, आत दाब साठतो आणि फुटताना रसाचे थेंब जोराने वर उडतात, पाते धारदार असेल आणि हात सावकाश चालत असेल तर थेंब कमी उडतात. सावकाश हा शब्द मी सर्वांना मोठ्याने दोनदा वाचून दाखवला. संथपणा हा माझा दोष आहे असे आमच्या कार्यालयात आणि घरात एकमताने मानले गेले होते.

उरलेला किलोभर कांदा मी प्रेक्षकांसमोर चिरला. सासूबाईंनी खुर्ची जवळ ओढून घेतली. साडूंनी माझ्या डोळ्यांत वाकून पाहिले. भजी कुरकुरीत झाली, मजल्यावरच्या सगळ्या घरी ताटल्या गेल्या, आणि समोरच्या काकूंनी रिकामी ताटली परत देताना "हेल्मेट कुठे गेलं?" असेही विचारले. रात्री मी आणखी एक कांदा, गरज नसताना, केवळ हौसेखातर चिरला.

"ती सुरी आता नीट धुऊन ठेव," आई म्हणाली. "परवा एकादशी. आता कार्तिकापर्यंत घरात कांदा येणार नाही."

विद्या हस्तगत व्हावी आणि त्याच रात्री शाळेला चार महिन्यांची सुट्टी लागावी, तसे मला झाले. मी सुरी धुतली, पुसली, कागदात गुंडाळली, पण फडताळात अगदी पुढेच ठेवली.

एकादशीला सकाळी साबुदाण्याच्या खिचडीसाठी मिरच्या चिरायच्या होत्या. मी स्वतःहून पुढे झालो. सुरी अशी चालली की आठ हिरव्यागार मिरच्यांचे एकसारखे, कागदासारखे पातळ तुकडे पाहता पाहता पोळपाटावर पडले. सौभाग्यवती चौकटीला टेकून काळ्या चष्म्यातून कौतुकाने पाहत होत्या. डोळ्यांत पाणी नव्हतेच. पण दोन दिवसांत लागलेली सवय, मी मनगटाने डोळा पुसला.