झिरो-टूवाले काका आणि माझा पॉझिटिव्ह माइंडसेट

सोसायटीची सेक्रेटरी कोणी आपणहून होत नाही. गेल्या एजीएमला मी पाणी प्यायला उठले, परत येऊन बसेपर्यंत माझं नाव सुचवून, अनुमोदन देऊन, टाळ्यासुद्धा वाजवून झाल्या होत्या. नवरा पण वाजवत होता.

आमची बिल्डिंग डोंबिवलीची, तळमजला अधिक चार, वीस फ्लॅट आणि जाळीच्या दरवाजाची एक लिफ्ट जी बिल्डिंगएवढीच म्हातारी होती आणि मनात आलं की दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधे थांबून विचार करत बसायची. शेवटी मेंटेनन्सवाल्याने सांगितलं की हिचे पार्ट आता मिळत नाहीत, नवीनच बसवा, आणि लिफ्ट बंद करून चावी माझ्या हातात ठेवून गेला. खर्च काढला तर प्रत्येकी पन्नास हजाराच्या आसपास. चौथा मजला लगेच तयार, तिसरा कुरकुरत तयार, दुसरा "बघू", पहिल्याला अचानक जिन्याच्या व्यायामाचे फायदे आठवले. राहता राहिला तळमजला, म्हणजे झिरो-टूवाले काका, कारण तळमजल्यावरचे बाकीचे तिघे काका म्हणतील ते करतात.

काका रिटायर्ड विमा एजंट. तीस-पस्तीस वर्षं हाच धंदा, निम्म्या डोंबिवली पूर्वेला त्यांनी मरणाची भीती घालून झालीये. त्यांचं म्हणणं एकच, "वहिनी, मी काय लिफ्टने तळमजल्यावरून तळमजल्यावर जाऊ?" मी म्हटलं काका, मॉडेल बायलॉज बघा, लिफ्टच्या देखभाल-दुरुस्तीचा खर्च सगळ्या सभासदांनी सारखा द्यायचा, वापरा नाहीतर नका वापरू. पान उघडून दाखवलं. काकांनी चष्मा लावला, वाचलं, परत वाचलं आणि पुस्तक माझ्याकडे सरकवत म्हणाले, "देखभाल-दुरुस्ती. बरोबर आहे. नवीन कुठे लिहिलंय?"

त्या रात्री मी बहिणीला फोनवर रडगाणं गायले आणि तिने फोन तिच्या मुलाला दिला. भाचा इंजिनिअर होता, म्हणजे अजूनही आहेच म्हणा, पण शनिवार-रविवारचा एक कोर्स करून तो सर्टिफाईड माइंडसेट कोच झालाय. "मावशी, प्रॉब्लेम काका नाहीयेत, प्रॉब्लेम तुझे लिमिटिंग बिलीफ्स आहेत," तो म्हणाला. पन्नास हजार काकांनी द्यायचे आहेत आणि प्रॉब्लेम माझा, हे ऐकून मला वाटलं पोरगं सोसायटीच्या कमिटीत शोभेल.

सुरुवात अफर्मेशनपासून. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणायचं, मी शांत आहे, माझं सगळे ऐकतात, मी लोकांना सहज पटवून देते. हे खूळ नवीन नाही हो. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या नॅन्सी गावात एमिल कुए नावाचा एक औषधविक्रेता होता, तो लोकांना सांगायचा की मी दिवसेंदिवस सगळ्या बाबतीत सुधारतोय असं सकाळ-संध्याकाळ वीस-वीस वेळा पुटपुटा, आणि मोजायला वीस गाठींची दोरी हातात ठेवा. म्हणजे जपमाळच की! फक्त आपल्या माळेत एकशे आठ मणी असतात, त्याने वीसात भागवलं. पण आमच्या समर्थांना मनाला समजवायला २०५ श्लोक लागले आणि हा भाचा म्हणतो मावशी सात मिनिटं पुरे, ब्रश करता करता पण चालेल.

आता माझं मन फार उलट बोलतं ही त्यातली अडचण. मी म्हणायचे "मी शांत आहे", ते म्हणायचं मग दूधवाल्यावर आत्ता कोण ओरडलं. मी म्हणायचे "माझं सगळे ऐकतात", ते म्हणायचं सगळे राहू दे, नवऱ्याने गीझर बंद केलाय का बघ. हे बघायला गेले तर केला नव्हता. मग मी जरा मोठ्याने म्हणायला लागले, तर कामवाल्या मावशी लादी पुसता पुसता थांबल्या आणि हळूच विचारलं, "ताई, साहेबांशी वाजलं का काही?"

नंतर कळलं की यात माझ्या मनाचा दोष नाही. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रयोग करून दाखवलंय की ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच बरं नाही त्यांनी असली गोड वाक्यं घोकली तर त्यांना उलट जास्त वाईट वाटतं, फायदा होतो तो थोडासा, आणि तोही आधीच खुशीत असणाऱ्यांना. म्हणजे भाच्यासारख्यांना. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, मावशी तू निगेटिव्ह रिसर्च कन्झ्यूम करतेस. आणि वर एकवीस दिवस कर, सवय लागते. हा एकवीसचा आकडा कुठून आला माहितीये? मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहून ठेवलं की पेशंटना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीस दिवस तरी लागतात. लंडनमध्ये पुढे ९६ लोकांवर खरोखर मोजून बघितलं तर सवय लागायला साधारण ६६ दिवस निघाले, कोणाला १८ तर कोणाला अंदाजे २५४. मला तर काकांच्या चेहऱ्याचीच अजून सवय झालेली नाही.

मग पॉवर पोज. कोणाला भेटायला जायच्या आधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून, छाती काढून उभं राहायचं, की अंगात आत्मविश्वास संचारतो. अमेरिकेत २०१० साली ४२ माणसांवर हा प्रयोग झाला होता, पुढे जास्त माणसं घेऊन केला तर हार्मोन्समध्ये काही फरक दिसेना, आणि २०१६ मध्ये मूळ पेपर लिहिणाऱ्यांपैकीच एका बाईंनी जाहीर करून टाकलं की माझा यावर आता विश्वास नाही. पण भाच्याच्या कोर्सपर्यंत ही बातमी पोचलेली नसावी. आणि कमरेवर हात ठेवून उभं राहण्याचं आम्हाला काय कौतुक सांगायचं, आमचा विठोबा अठ्ठावीस युगं तसाच उभा आहे. तो कोणाला काही पटवायला जात नाही, लोकच येतात त्याच्याकडे. मी आपली काकांच्या दारासमोर तशी उभी राहिले, तेवढ्यात काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, पाठ धरली का? आत ये, मलम देते."

आत गेले तर पुढचं अस्त्र होतं मिररिंग. समोरचा जसा बसलाय तसं आपण बसायचं, त्याने हात बांधले की आपण बांधायचे, मग त्याला नकळत आपण त्याच्यातले वाटायला लागतो. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात बँडलर आणि ग्राइंडर या जोडगोळीने जे एनएलपी, म्हणजे न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग, काढलं त्यातला हा प्रकार. काका मागे टेकले, मी टेकले. काकांनी हनुवटी खाजवली, मी खाजवली. काकांनी चहाचा कप उचलला, मी उचलला, त्यांनी ठेवला, मी ठेवला. काकांनी मुद्दाम (हे मला नंतर समजलं) डावा कान धरला. मी पण धरला.

"वहिनी," काका म्हणाले, "आम्हाला पंच्याऐंशी साली ट्रेनिंगला हेच शिकवलेलं. पण जरा थांबून करायचं असतं ओ. लगेच केलं की माकडचेष्टा वाटतात."

आणि मग अर्धा तास त्यांनी मला ते नीट कसं करायचं ते शिकवलं. लिफ्टचा विषय निघालाच नाही.

शेवटचा उपाय सोशल प्रूफ. बाकीचे करतायत म्हटलं की माणूस करतो, त्यामुळे नोटीस बोर्डवर पैसे भरणाऱ्यांची नावं लाव, असं भाच्याने सांगितलं. लावली. चारच नावं होती, चारही चौथ्या मजल्याची. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, ज्या चेक लिहून तयार होत्या, त्या म्हणाल्या अजून कोणीच भरलेले दिसत नाहीत, मग आम्हीच काय घाई करायची. हे पण पुस्तकात आहे बरं का! सोशल प्रूफचं नाव ज्याच्यामुळे सेल्सवाल्यांच्या तोंडी बसलं त्या रॉबर्ट चाल्डिनीनेच अॅरिझोनातल्या एका राष्ट्रीय उद्यानात प्रयोग केला होता, तिथे लोक दगड झालेल्या लाकडाचे तुकडे चोरून नेतात. "पूर्वी पुष्कळ लोकांनी तुकडे नेले" अशी पाटी लावली तर चोऱ्या वाढल्या. भाच्याच्या कोर्समध्ये तो धडा बहुतेक रविवारी दुपारी जेवणानंतर झाला असणार.

मी नाद सोडला. आरसा सोडला, कमरेवरचे हात काढले, बोर्डावरची यादी काढून तिथे पाणी कपातीची नोटीस लावली. लिफ्ट बंद ती बंद. चौथ्या मजल्यावरचे लोक भाजीच्या पिशव्या घेऊन प्रत्येक मजल्यावर थांबत थांबत वर जायचे आणि माझ्या दाराशी आल्यावर जरा जास्तच मोठ्याने धापा टाकायचे.

आता चौथ्या मजल्यावर एक आजोबा आहेत. ते आणि झिरो-टूवाले काका रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मधे एक स्टूल टाकून बुद्धिबळ खेळायचे. खेळायचे कसले, भांडायचेच. आजोबा चाल परत घेतात असं काका म्हणणार आणि काका घोडा हळूच सरकवतात असं आजोबा. लिफ्ट बंद झाल्यापासून आजोबांचे गुडघे त्यांना खाली येऊ देईनात. काका रोज संध्याकाळी पट मांडून बसायचे, सोंगट्या लावायचे, वॉचमनला खेळायला बोलवायचे. वॉचमन दर वेळी आधी वजीरच बाहेर काढायचा आणि मरायचा. मग काका एक दिवस पट काखेत मारून स्वतःच वर निघाले. तिसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर मला दिसले, पायरीवर बसलेले, शर्टाची दोन बटणं उघडी, पट मांडीवर आणि एक उंट घरंगळत खालच्या पायरीवर गेलेला. मी पाणी आणून दिलं. काका काही बोलले नाहीत, मी पण नाही. उंट उचलून दिला तेवढं.

रविवारी लिफ्टसाठी बोलावलेली विशेष सभा होती. नेहमीप्रमाणे कोरम भरला नाही, नेहमीप्रमाणे अर्धा तास तहकूब केली आणि नेहमीप्रमाणे त्याच खुर्च्यांवर त्याच माणसांनी बसून ती कायदेशीर केली. विषय निघाला तसे काका उठले. मी मनातल्या मनात तयारीत, आता "नवीन कुठे लिहिलंय" येणार. काका म्हणाले, "माझा या खर्चाला तत्त्वतः विरोध आहे, तो मिनिट्समध्ये लिहून घ्या. चेक कोणाच्या नावाने काढायचा?" तळमजल्याचे बाकीचे तिघे तत्त्वतः विरोध नोंदवून लगेच काकांच्या मागोमाग आले. पहिल्या मजल्याला आता व्यायामाचं कारण सांगायची लाज वाटायला लागली असावी.

नवीन लिफ्ट आली, "कृपया दरवाजा बंद करें" म्हणणारी. काकांनी आठवड्याभरात अर्ज दिला की ही बाई रात्री दीड वाजता पण आमच्या भिंतीपलीकडे बोलते, तरी तळमजल्याला मेंटेनन्समध्ये सूट मिळावी. तो अर्ज अजून पेंडिंग आहे.

भाच्याने मात्र रील टाकलं, "माझ्या मावशीने लिफ्ट मॅनिफेस्ट केली." आणि परवा घरी आला तेव्हा म्हणाला की मला त्या काकांचा टेस्टिमोनियल व्हिडिओ हवाय, सगळ्यात कठीण माणूस कसा बदलला म्हणून. मी म्हटलं जाऊ नकोस. तो दारातच दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि गेला.

दीड तासाने वर आला तो हातात फॉर्म घेऊनच. काकूंनी आधी चहा आणि शंकरपाळे दिले म्हणे. मग काकांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, त्याच्यासारखंच पायावर पाय टाकून बसले होते म्हणाला, कोर्सचं फार कौतुक केलं. एजन्सी आता सुनेच्या नावावर आहे, आज महिनाअखेर, तिच्या टार्गेटला एकच पॉलिसी कमी पडत होती, आणि याच्या वयाची बिल्डिंगमधली दोन्ही मुलं कधीच घेऊन बसलीयेत.

"मावशी," तो म्हणाला, "आधार कार्डची झेरॉक्स इथे जवळ कुठे मिळेल? ते सात वाजता बंद करतात ना?"