मतदान वेळेवर न होणं हेही लक्षण

लोकशाही हुकूमशाहीकडे कशी घसरते, यावर तुम्ही छापलेल्या लेखात त्याची लक्षणं म्हणून न्यायालयांवरचा दबाव, माध्यमांची गळचेपी, विरोधकांवरचे खटले आले आहेत. सगळं पटलं. पण आम्हा मराठवाड्यातल्या लोकांच्या डोळ्यांदेखत जे झालं, ते राहून गेलं.

संभाजीनगर महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, मतदान झालं थेट जानेवारी २०२६ मध्ये. कोरोना, ओबीसी आरक्षण, प्रभागरचना ही कारणं खोटी नव्हती. मग त्याच काळात लोकसभा, विधानसभा कशा वेळेवर झाल्या? मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं घटनेचं कलम २४३-यू स्पष्ट सांगतं. तरी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. तोवर अंदाजपत्रक सरकारनं नेमलेल्या प्रशासकानंच मांडायचं आणि मंजूरही त्यानंच करायचं. नळाला पाणी कधी येणार, हे सभागृहात उभं राहून विचारणारा नगरसेवकच नाही! लोकांना त्याची सवय झाली, याची मला जास्त भीती वाटते.

गावाकडेही तेच. आमच्याकडे ग्रामसभा न भरवताच तिचं रजिस्टर शिपाई घरोघर फिरवतो, वर ठरावाची जागा कोरी आणि खाली सह्या. मी नाही म्हटलं तर म्हणाला, "समद्यांनी केली, तुमीच काय अडून बसले?" निजामाच्या राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलेल्या मुलखात हे बघवत नाही.

लेखकानं पुढचा लेख ग्रामसभांवर लिहावा, ही कळकळीची विनंती.