केसपेपरची पीडीएफ म्हणजे डेटा नव्हे

डॉक्टर, सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचा आक्षेप असा की दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर निवडताना मी एक्सपोर्टचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधून आपला डेटा बाहेर काढून घेण्याचा, उगाच बाऊ करतो. क्लाउडवर सगळं सुरक्षित असतं आणि केसपेपर हवे तेव्हा पीडीएफमध्ये मिळतात.

क्लाउडबद्दल तुमचं पटलं. एका डॉक्टरच्या ओपीडीला स्वतःचा सर्व्हर सांभाळणं परवडत नाही. पीडीएफचं मात्र पटत नाही. ती माणसाला वाचता येते, पण नव्या सॉफ्टवेअरच्या रकान्यांत आपोआप भरली जात नाही. पेनिसिलीनची ॲलर्जी फक्त जुन्या पीडीएफमध्ये राहिली, तर त्याच गटातलं अमॉक्सिसिलिन लिहिताना नवं सॉफ्टवेअर गप्प बसेल. म्हणून एक्सपोर्टचा माझा आग्रह आहे.

पैसे भरण्याआधी डेमोमध्ये दहा काल्पनिक पेशंट भरा. काहींची नावं देवनागरीत, एकाला ॲलर्जी, एका बाळाचं वजन 7.4 किलो आणि जन्मतारीख 5 जून. मग सीएसव्ही फाइल मागा, म्हणजे रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल. डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडलीत तर नावांच्या जागी बऱ्याचदा अगम्य चिन्हं दिसतात. तेवढ्यावरून फाइल बाद करू नका. कोऱ्या शीटमध्ये डेटा टॅबमधून टेक्स्ट/सीएसव्हीचा पर्याय घ्या, एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) 65001 म्हणजे यूटीएफ-8 निवडा. नावं नीट दिसली तर प्रश्न मिटला. नुसती प्रश्नचिन्हं आली तर मूळ अक्षरं एक्सपोर्टमध्येच गेली, ती त्या फाइलमधून परत मिळत नाहीत. इंग्रजी अक्षरांचा काला दिसला तर सॉफ्टवेअर बहुधा युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीच्या सामायिक पद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टवर चालतंय. ते घेऊच नका.

तारीखही बघा. महिना आधी धरला जाऊन 05/06 ची 6 मे झाली तर बाळाचं लसीकरण महिनाभर सरकतं, आणि 12 तारखेपर्यंतच्या तारखांत ही चूक डोळ्यांना दिसत नाही. फाइलमध्ये वर्ष-महिना-दिवस असा क्रम असेल तर उत्तम.

वर्गणी थांबल्यावर डेटा किती दिवस आणि कोणत्या स्वरूपात मिळेल, हे कंपनीकडून लेखी घ्या. तुमच्याकडे चार खाटा आहेत असं लिहिलंत. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायच्या असतात आणि पेशंटनं मागितल्यास 72 तासांत द्यायच्या असतात. लॉगिन बंद पडलं तरी ती जबाबदारी तुमचीच राहते.

सध्याच्या सॉफ्टवेअरमधून एक्सपोर्ट काढलात तर पहिल्यांदा ॲलर्जीचा रकाना वेगळा आलाय का ते बघा. नसेल तर कंपनीला आत्ताच विचारा, वर्गणी भरायची तारीख येण्याआधी.