एक साधा माउंट धड मिळत नाही या शहरात!

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलेय आणि आत्ताच तिसरा माउंट, म्हणजे फ्रेममध्ये फोटोभोवती बसवायची पुठ्ठ्याची चौकट, वाया गेला. तीन कोपरे कसे सुरेख आले होते. चौथ्यावर पातं जरा पुढे सरकलं. कोपऱ्यातून बाहेर गेलेली ती केसाएवढी चीर आता कशानेही बुजणार नाही. फ्रेम भिंतीवर लागली की बाकीच्यांना आजी-आजोबा दिसतील, मला मात्र ती चीरच दिसत राहणार.

हे काम मी हौस म्हणून अंगावर घेतलेलं नाही. ते माझ्यावर लादलं गेलंय.

गेल्या जुलैत आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो भिंतीवरून उतरवला. घराजवळच्या एका फ्रेमवाल्याकडून सहा वर्षांपूर्वी नवी फ्रेम करून घेतली होती. कोपऱ्यात ओलीचा डाग दिसला म्हणून मागचे बारीक खिळे उपटले, हार्डबोर्ड काढला, तर फोटो सुटेना. काचेला चिकटून बसलेला! आजीच्या गालापासून आजोबांच्या फेट्यापर्यंत सलग.

असल्या जुन्या फोटोच्या अंगावर जिलेटिनचा थर असतो. पावसाळ्यात मुंबईची हवा ८० टक्क्यांच्या वर दमट असते, तो थर ओल धरतो, मऊ पडतो आणि टेकलेल्या काचेला घट्ट धरतो. हे टाळायला काच आणि फोटो यांच्यात दीड-एक मिलिमीटर फट लागते, बस्स. माउंट असतो तो या फटीसाठी. फोटोभोवती दिसणारी ती पांढरी चौकट लोकांना नुसती शोभा वाटते. लोकांना वाटू दे. पण ज्याचा धंदाच फ्रेमचा आहे त्यालाही तसंच वाटावं?

जाब विचारायला गेले तर म्हणाला, "ताई, माउंट टाकला की फोटो बारका दिसतो. गिऱ्हाइकंच नको म्हणतात." अहो, मला विचारलं होतंत का? एकदा तरी?

मग आईबाबांचा एक फोटो घेऊन दुसरं दुकान गाठलं. माउंट हवाच म्हणून बजावून सांगितलं. मिळाला. कड तिरपी न कापता उभीच कापलेली, कोपऱ्यांवर पुठ्ठ्याचे तंतू लोंबतायत, आणि फोटो चारही बाजूंनी सेलोटेप मारून घट्ट बसवलेला. सेलोटेप! त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो. आणि चारी बाजू जखडल्यावर पावसाळ्यात कागद फुगला की त्याने जायचं कुठे? त्याला पोक येणारच. फोटो वरच्या कडेला दोन बारीक कागदी पट्ट्यांवर टांगायचा आणि खाली मोकळा सोडायचा, एवढं साधं आहे ते. पैसे घेताना मात्र "स्पेशल माउंटिंग" म्हणून लावले.

म्हणून घरी कापायला घेतलं. आता बोर्डाची कथा. अब्दुल रहमान स्ट्रीटवर चार दुकानं फिरले. 'माउंट बोर्ड' म्हटलं की समोर येतो रंगीत कागद डकवलेला पुठ्ठा. एका कोपऱ्यात कापून बघितला तर आतून पिवळट. लाकडाच्या लगद्यात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य राहिलं की पुढे त्याचं आम्ल होतं, कापलेली कड तपकिरी पडते आणि फोटोभोवती तसाच चट्टा उमटतो. "ॲसिड-फ्री आहे का हो?" असं विचारलं तर उत्तर काय, "सगळं सेमच असतं मॅडम." सेम कसं असेल? तुमच्याच दुकानातला एक पांढरा निघतो आणि एक पिवळा!

शेवटी पाचव्या दुकानात आतून-बाहेरून पांढरी शीट मिळाली. ती सीएसएमटीहून मुलुंडपर्यंत लोकलमध्ये आणायची म्हणजे काय, ते आणणाऱ्यालाच कळतं. दुपारची गाडी पकडली, रॅकवर आडवी ठेवली, तरी भायखळ्याला कुणीतरी त्यावर बॅग टाकलीच. एक कोपरा गेला.

आणि कापणं! बोर्ड उलटा ठेवायचा, मागच्या बाजूने रेघा मारायच्या, पातं ४५ अंशात तिरपं धरायचं. मागच्या रेघा जिथे छेदतात, तिथून बोर्डाच्या जाडीइतकंच पुढे जाऊन थांबायचं. कमी गेलात तर मधला तुकडा सुटत नाही, ओढलात की कोपरा फाटतो. जास्त गेलात की समोरून चीर. दोन्हींच्या मधे मिलिमीटरभरसुद्धा जागा नाही. पातं जरा बोथट झालं की बोर्ड कापत नाही, ओरबाडतं. आणि पाती कोपऱ्यावरच्या स्टेशनरीतून आणावीत, तर पाकिटातल्या दहांपैकी तीन आधीच गंजलेली! सीलबंद पाकिटात गंज! प्लॅस्टिकच्या फूटपट्टीचा तर विषयच नको. पातं तिचीच कड तासत जातं, पोलादी पट्टीशिवाय हे काम होतच नाही.

एवढं करून फ्रेम? बाजारात तयार फ्रेम ८ बाय १०ची किंवा ए-फोरची. लॅबवाला प्रिंट देतो ८ बाय १२. कॅमेऱ्याची चौकट तीनास दोन आहे, या शहरातला प्रत्येक लॅबवाला त्याच मापात प्रिंट काढतो, मग फ्रेम विकणाऱ्यांना ते माप माहीत नाही? "दोन इंच कापून टाका ना," म्हणे. काय कापू? वरून कापलं तर फेटा जातो, खालून कापलं तर आजीची पावलं जातात. नऊवारीत, पाटावर उभी आहे ती. त्या दिवसाचा तेवढा एकच फोटो आहे आमच्याकडे.

हो, हा माउंट तिच्यासाठीच चाललाय. चिकटलेला फोटो ओढायचा नसतो, ओढला तर चेहरा काचेवरच राहतो. म्हणून काचेसकट स्कॅन करून नवी प्रिंट काढली. काचेखाली जिथे फोटो चिकटलाय तिथे चकचकीत डाग दिसतो, तो स्कॅनमध्येही आलाय. आजीच्या नेमका गालावर.

मूळ फोटो कपाटात आडवा ठेवलाय, काचेला धरून, तसाच. त्या पहिल्या फ्रेमवाल्याने कडेने बोर्डाच्या चार बारीक पट्ट्या जरी टाकल्या असत्या ना, तरी काच अधांतरी राहिली असती. पाच मिनिटांचं काम होतं हो. पाच मिनिटांचं.